मे महिन्यात स्कॉटलंडच्या लिंक्सवर गोल्फ: वरुडच्या चौघांना सल्ला हवा आहे

संत्रावाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वरुड तालुक्यातील आम्ही चौघे, म्हणजे तिघे संत्रा बागायतदार आणि चौथे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार साहेब, पुढच्या मे महिन्यात स्कॉटलंडला जाऊन तेथील समुद्रकाठच्या लिंक्स मैदानांवर गोल्फ खेळण्याचा बेत करीत आहोत. वरुड आणि गोल्फ हे दोन शब्द एका वाक्यात वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी आधी हसून घ्यावे. आमच्या घरच्यांचे हसून झाले आहे.

थोडी हकिकत सांगतो. सुभेदार साहेबांनी नोकरीची शेवटची काही वर्षे एका छावणीतील गोल्फ मैदानाची देखभाल पाहिली आणि तेथेच ते खेळायलाही शिकले. ते गावी परतले त्या सुमारास माझ्या बागेतील दोन एकरांतली झाडे डिंक्या रोगाने गेली होती आणि तेवढे वावर रिकामे पडले होते. त्यांनी धुऱ्यावर उभे राहून एकदा नजर फिरवली आणि या तुकड्यात तीन होल सहज बसतील, असे सांगितले. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असावा लागतो. आमच्याकडे ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप पडलेले होते, त्यांचे वीतभर लांबीचे तुकडे कापून आम्ही जमिनीत पुरले. पाइप आतून दोन-चार मिलिमीटर कमी भरतो, त्यामुळे आमचे होल नियमापेक्षा किंचित अरुंद आहेत. साहेबांच्या मते हे आमच्या हिताचेच आहे. गेली पाच वर्षे आम्ही तेथे खेळतो, महिन्यातून दोनदा नागपूरला जाऊन खऱ्या मैदानावर खेळतो, आणि आता आम्हा तिघांचे हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, २८ ते ३४ च्या दरम्यान आले आहेत. साहेबांचा १४ आहे.

मे महिनाच का, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. आम्ही तिघेही मृग बहार घेतो. आधीच्या बहाराची फळे मार्चअखेर उतरलेली असतात आणि मे महिन्यात बागेचे पाणी तोडून ती ताणावर सोडलेली असते, त्यामुळे वर्षभरात तेवढेच दिवस बागायतदार बागेपासून दूर राहू शकतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र आम्हाला बांधावर हजर असलेच पाहिजे.

शहरातील एका एजंटाने समुद्राला लागून असलेल्या एका आलिशान रिसॉर्टचा प्रस्ताव दिला आहे. राहणे, जेवण आणि गोल्फ, सारे एकाच आवारात. आमचे मन सेंट अँड्रूजच्या जुन्या मैदानावर, म्हणजे ओल्ड कोर्सवर, अडकलेले आहे. पण तेथे खेळायला मिळते की नाही याची खात्री कोणी देत नाही. रिसॉर्ट घ्यावे की गावात राहावे, ओल्ड कोर्सची आशा कितपत धरावी आणि हातात असलेल्या सहा महिन्यांत कसला सराव करावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

दर्यापूरकर

संत्रावाला भाऊ, मी बोटीवरच्या नोकरीत असताना दोन वेळा त्या बाजूला खेळलो आहे, म्हणून अधिकाराने नव्हे पण अनुभवाने लिहितो.

समुद्र दिसतो म्हणून कोणतेही मैदान लिंक्स होत नाही, ही गोष्ट एजंटाशी बोलण्यापूर्वी पक्की ध्यानात घ्या. समुद्राची वाळू आणि आतली पिकाऊ जमीन यांच्या मधल्या, वाऱ्याने उंचसखल झालेल्या वाळूच्या पट्ट्याला तेथे लिंक्स म्हणतात. नांगराला तो निरुपयोगी म्हणून तेथे मेंढ्या चरल्या, ससे वाढले आणि लोक खेळले. याउलट कड्यावर बांधलेली मैदाने आहेत, जेथून समुद्र फार सुंदर दिसतो, पण पायाखाली शेताची माती असते. सेंट अँड्रूजमध्येच २००८ साली सुरू झालेला कॅसल कोर्स असा कड्यावरचा आहे. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु चेंडू जमिनीवरून धावत जाण्याची जी मजा अनुभवण्यासाठी आपण एवढे पैसे खर्च करून जाणार, ती तेथे पूर्ण मिळत नाही. किंग्जबार्न्स हे प्रकरण त्याहून गमतीचे आहे. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गोल्फ खेळला जात होता, दुसऱ्या महायुद्धात मैदान बंद पडले, जमीन शेतीकडे गेली आणि २००० साली यंत्रांनी माती हलवून तेथे पुन्हा असे मैदान उभे केले गेले की पाहणाऱ्याला ते निसर्गाचेच वाटावे. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न विचारा की रिसॉर्टचे मैदान वाळूवर आहे की कड्यावर. त्याला या प्रश्नाचा अर्थच कळला नाही, तर तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा.

आता ओल्ड कोर्सविषयी. ते मैदान खासगी नाही, सार्वजनिक आहे. खेळण्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ वाजेपर्यंत दोन ते चार जणांची नावे द्यायची आणि संध्याकाळी सोडत निघते, अशी तेथील पद्धत आहे. एकट्या खेळाडूसाठी वेगळी सोडत आहे, पण तिच्यासाठी आदल्या दिवशी स्वतः तेथे जाऊन नाव नोंदवावे लागते. हँडिकॅप ३६ पर्यंतच चालतो आणि त्याचा पुरावा दाखवावा लागतो, त्यामुळे तुमच्यापैकी ३४ वाल्यांनी तोवर खेळ बिघडू देऊ नये. रविवारी मैदान खेळासाठी बंद असते. एका फेरीचे शुल्क हंगामात ३०० पौंडांच्या वर आहे, म्हणजे माणशी तीस हजार रुपयांहून जास्त. चांगल्या मृगाच्या एक टन संत्र्यांचे पैसे एका सकाळी गेले, असा हिशेब मनात ठेवूनच टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवर, उभे राहा.

मला पहिल्या खेपेस असाच एक एजंट भेटला होता. त्याने ओल्ड कोर्सची वेळ हमखास मिळेल असे तोंडी सांगून आगाऊ रक्कम घेतली, आणि तेथे पोहोचल्यावर कळले की त्याने आमची नावे सोडतीत टाकण्याचे वचन दिले होते, एवढेच. ते तर आम्ही फुकट करू शकलो असतो. तो माणूस खोटे बोलला असे मला आजही सिद्ध करता येणार नाही, कारण कागदावर त्याने काहीच लिहून दिले नव्हते. आगाऊ ठरलेली वेळ हवी असेल तर ती मैदान चालविणाऱ्या न्यासाकडून किंवा त्याने अधिकृत केलेल्या कंपन्यांकडूनच मिळते, आणि त्यासाठी आदल्या वर्षीच हालचाल करावी लागते. तुमची ती वेळ बहुधा निघून गेली आहे. तेव्हा सोडतीवर जा, पण सहलीचा डोलारा सोडतीवर उभारू नका.

गोंदियाकर

एवढा खटाटोप कशासाठी? गोव्यात समुद्रकाठी नऊ होलचे गोल्फ रिसॉर्ट आहे आणि व्हिएतनाममध्ये हो त्राम येथे वाळूच्या टेकड्यांवर ग्रेग नॉर्मन यांनी आखलेले उत्तम मैदान आहे. थंडी नाही, व्हिसाची कटकट कमी आणि खर्च निम्म्याहून कमी. मे महिन्यात उन्हाची सवय असलेल्या माणसांनी स्कॉटलंडच्या पावसात कुडकुडण्यात काय शहाणपण आहे, हे मला खरोखर समजलेले नाही.

दर्यापूरकर

गोंदियाकर साहेब, सुट्टीसाठी तुमचा सल्ला उत्तम आहे. पण उष्ण प्रदेशातील गवत जाड आणि रांगते असते. चेंडू त्यात बसतो, धावत नाही. थंड प्रदेशातील फेस्क्यू नावाचे बारीक, सुईसारखे गवत वाळूवर उपाशीपोटी वाढते, आणि त्यावरून चेंडू पडल्यानंतर आणखी तीस-चाळीस पावले लोळत जातो. संत्रावाला भाऊंना हे पाहायचे आहे. समुद्र त्यांना चौपाटीवरही दिसेल.

खारपाणपट्टा

माझा गोल्फशी संबंध नाही. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे आणि अकोल्याकडच्या चोपण जमिनींत आयुष्य गेले आहे. तरीही मातीचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आपली काळी माती ही फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. पाणी मिळाले की ती फुगते, ओसरले की आकसते, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाळूचे याच्या अगदी उलट असते. तिच्यात पाणी थांबत नाही, अन्नद्रव्येही थांबत नाहीत. त्यामुळे दणकट गवत तेथे तग धरत नाही आणि अल्पसंतुष्ट बारीक गवतच टिकते. पाऊस थांबताच तासाभरात जमीन पुन्हा खडखडीत होते. म्हणजे ज्या जमिनीला आपण हलकी आणि निकस म्हणून नावे ठेवतो, तीच या खेळासाठी सर्वांत चांगली ठरली. आमच्या खात्यात असताना हे कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

यावरून एक विचार सुचतो. नागपूरच्या मैदानावर रोज पाणी दिलेल्या मऊ गवतात तुम्ही जो सराव करता, तो स्कॉटलंडला किती उपयोगी पडेल, याची मला शंका वाटते. तुमच्या डिंक्याने रिकाम्या झालेल्या वावरात एप्रिलमध्ये जमीन टणक आणि उघडी असते. तेथे चेंडू पडला की उसळतो, लोळतो, उतार सापडेल तिकडे वळतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे तुमचे वावर हेच नागपूरपेक्षा लिंक्सच्या अधिक जवळचे आहे. मात्र एक धोका आहे. वाळूवरचे गवत टणक असले तरी त्यात काठी किंचित शिरते. वाळलेल्या काळ्या मातीवर ती आपटून परत येईल आणि मनगटाला झटका बसेल. म्हणून भेगाळलेल्या भागावर खेळू नका. वखर फिरवून, हलके पाणी देऊन आणि रोलर चालवून एक पट्टा दाबून घ्या, आणि तो वाळू लागला की त्यावर खेळा.

निवृत्त सुभेदार

वर उल्लेख झालेला सुभेदार मीच. खारपाणपट्टा साहेबांनी जे लिहिले ते मी गेली दोन वर्षे या तिघांना सांगत आहे, पण घरच्या माणसाचे कोणी ऐकत नाही.

त्यात थोडी भर घालतो. आमच्या तिन्ही बागायतदारांना चेंडू आकाशात उडवण्याची फार हौस आहे. उंच गेलेला चेंडू वाऱ्याचा होतो, आपला राहत नाही. समुद्रकाठी वारा पडला असेल तो दिवस सुट्टीचा समजावा. म्हणून चेंडू पायांत नेहमीपेक्षा मागे ठेवून, एक-दोन नंबर मोठी काठी घेऊन, अर्ध्या फेकीने तो डोक्याच्या उंचीखाली ठेवणे आणि उरलेले अंतर त्याला जमिनीवरून धावू देणे, एवढी एकच गोष्ट सहा महिन्यांत बसवायची आहे. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, बाहेर वीस पावलांवर चेंडू असला तरी पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी, काढायला लाजायचे नाही. लहानपणी गिल्ली-दांडू खेळताना गिल्ली किती उंच गेली हे कोणी मोजत नव्हते, ती किती लांब गेली हे दांड्याने मोजत होते, ते आठवा.

बंकरांचे, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांचे, मात्र वावरात काही करता येत नाही. तेथील बंकर विहिरीसारखे खोल आणि अरुंद असतात, त्यांची भिंत गवताच्या चपट्या ढेपांचे थर रचून उभी केलेली असते. ओल्ड कोर्सवर असे ११२ आहेत. १९७८ च्या ओपन स्पर्धेत जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा सतराव्या होलच्या बंकरात अडकले आणि त्या एका होलला त्यांना नऊ फटके लागले. ते तर जगातील नामांकित खेळाडू होते. त्यामुळे माझा हुकूम असा आहे की भिंत छातीच्या वर असेल तर निशाणाकडे पाहायचेच नाही. बाजूला किंवा मागे, जिकडे वाट असेल तिकडे चेंडू काढायचा. एवढ्यासाठी आपण रविवारी वर्धा नदीच्या पात्रात जाऊन वाळूत सराव करू. नदीची वाळू भरड असते आणि तिकडची बारीक, पण हाताचा धाक मोडायला ती पुरेशी आहे.

पऱ्हाटी

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील निवृत्त शिक्षिका. गोल्फ खेळत नाही. परंतु माझी मुलगी डंडी शहरात नोकरी करते आणि मी दोन उन्हाळे तिच्याकडे काढले आहेत, त्यामुळे राहणे, हवामान आणि कागदपत्रे यांविषयी सांगू शकते.

राहण्यासाठी डंडीचा विचार जरूर करावा. सेंट अँड्रूज लहान गाव आहे आणि हंगामात तेथील खोल्यांचे दर ऐकून आपली नाडी मंदावते. डंडीहून ९९ क्रमांकाची बस टे नदीवरचा पूल ओलांडून ल्यूकर्समार्गे सेंट अँड्रूजला जाते. सेंट अँड्रूजची स्वतःची रेल्वे १९६९ साली बंद झाली. आता आगगाडीने येणाऱ्यालाही ल्यूकर्सला उतरून बसच घ्यावी लागते. उलट दिशेला कार्नूस्टी हे दुसरे प्रसिद्ध गोल्फचे गाव डंडीहून रेल्वेने पाव तासाच्या आसपास आहे. मुलीच्या सहकाऱ्यांकडून कळले की तेथे मुख्य मैदानाच्या शेजारी बर्नसाइड आणि बडन अशी आणखी दोन मैदाने आहेत आणि त्यांचे शुल्क बरेच कमी आहे.

मे महिन्यात तेथे दुपारचे तापमान १३-१४ अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते बरेच खाली येते. आपण ४५ अंशांतून जाणार, तेव्हा पहिल्या दिवशी हवा गोड वाटते आणि दुसऱ्या दिवशी नाक वाहू लागते. वाऱ्यात छत्रीचा उपयोग नाही. पाणी आत न येणारा अंगरखा, तशीच विजार आणि तसेच बूट घ्यावेत आणि ते बूट येथेच महिनाभर घालून पायांना सवय करावी. पूर्व किनाऱ्यावर कधी कधी समुद्रावरून थंड धुके आत येते, त्याला तेथील लोक हार म्हणतात. ऊन पडलेले असताना दहा मिनिटांत समोरचा माणूस दिसेनासा होतो. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कुठे तरी पऱ्हाट्या पेटवल्या असाव्यात असेच मला वाटले होते. मोठा फायदा उजेडाचा आहे. महिनाअखेरीस सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे संध्याकाळी पाच वाजता सुरू केलेली फेरीही उजेडात पूर्ण होते, आणि काही मैदानांवर संध्याकाळचे दर कमी असतात.

आता व्हिसा. प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज जाईल असे पाहावे. शेतकऱ्याची अडचण अशी की शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्यामुळे विवरणपत्रात फारसे काही दिसत नाही, आणि फळांचा सौदा झाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये खात्यात एकदम मोठी रक्कम येते. अशी अचानक आलेली रक्कम पाहून अधिकाऱ्याला शंका येऊ शकते. त्यामुळे सौद्याची चिठ्ठी, व्यापाऱ्याची हिशेबपट्टी, मागील वर्षांच्या नोंदी आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून ही रक्कम दरवर्षी याच महिन्यांत येते, हे एका साध्या पत्रात लिहून द्यावे. सातबारा आणि आठ-अ जोडावेत, कारण परत येण्याचे सर्वांत भक्कम कारण तेच आहे. मात्र इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे प्रमाणित भाषांतर लागते, आणि ते सातबारा वाचता येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे.

गोंदियाकर

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझे व्हिएतनाम मागे घेतो. एक शंका मात्र राहते. ते मैदान सार्वजनिक आहे असे दर्यापूरकर म्हणतात. एवढ्या मोलाची समुद्रकाठची जमीन आजवर कोणी बळकावली कशी नाही? आमच्या गावचे ई-क्लास, म्हणजे गुरचरणाची सरकारी जमीन, तर माझ्या डोळ्यांदेखत निम्मे झाले.

दर्यापूरकर

बळकावण्याचा प्रयत्न झालाच होता, आणि तो ऐकला की तुम्हाला आपलेच गाव आठवेल.

१५५२ च्या सनदेत तेथील आर्चबिशपने लिंक्सवर सशांची पैदास करण्याची परवानगी मिळवली आणि त्याच कागदात गावकऱ्यांचा तेथे गोल्फ खेळण्याचा, जनावरे चारण्याचा हक्क मान्य केला. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी नगरपालिका कर्जात बुडाली आणि १७९७ मध्ये तिने ती जमीन सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती जाऊ दिली. सशांनी मैदानभर बिळे पाडली. गोल्फ खेळणारे कोर्टात गेले, गावकरी ससे मारू लागले, आणि हे भांडण वीसएक वर्षे चालले. शेवटी १८२१ मध्ये गोल्फचा शौक असलेल्या जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन ससे हटवले. १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या ताब्यात आली आणि १९७४ पासून कायद्याने स्थापन झालेला न्यास तेथील कारभार पाहतो. रविवारी गावातील लोक कुत्री आणि मुले घेऊन त्याच जगप्रसिद्ध मैदानावर फिरायला येतात. शनिवारी ज्या गवतावर आपण श्वास रोखून पटर मारला, तेथे रविवारी कोणी तरी डबा उघडून बसलेला असतो.

म्हणून भाऊ, एक रविवार तुमच्या बेतात असलाच पाहिजे. सोडतीत नाव निघाले नाही तरी त्या दिवशी स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावरून तुम्ही फुकट चालत जाऊ शकता. दोन-दोन होलना मिळून एकच प्रचंड ग्रीन अशी तेथे सात ग्रीन आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८ येते. तिसऱ्याबरोबर पंधरावा, पाचव्याबरोबर तेरावा. रिकाम्या मैदानावर हे जसे समजते तसे खेळताना समजत नाही. काठाने वाढलेली गॉर्सची झुडपे मे महिन्यात पिवळ्या फुलांनी भरलेली असतात. लांबून बाभूळ फुलल्यासारखी दिसतात आणि काटेही त्याच तोलाचे असतात. चेंडू आत गेला तर हात घालू नका, नवीन काढा.

आणखी एक. एली गावच्या मैदानावर गेलात तर पहिल्या टीशेजारच्या खोलीत पाणबुडीचा जुना पेरिस्कोप बसवलेला आहे. समोर टेकाड असल्यामुळे पुढचे खेळाडू लांब गेले की नाही ते त्यातून पाहतात आणि मगच तुम्हाला मारू देतात. आम्हा बोटीवरच्या माणसाला यापेक्षा चांगले देऊळ नाही.

संत्रावाला (धागाकर्ता)

मंडळी, आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले की आमच्या चौघांची बैठक काल रात्री बारापर्यंत चालली. एजंटाला विचारले. त्याचे मैदान कड्यावर आहे, हे त्याने तिसऱ्या फोनला मान्य केले. रिसॉर्ट रद्द.

बेत साधारण असा ठरला आहे. १२ मेच्या सुमारास निघायचे, डंडीत नऊ रात्री राहायचे. नागपूर ते दोहा आणि दोह्याहून एडिनबर्ग हा मार्ग सोयीचा दिसतो. मुंबईत सामान उतरवून पुन्हा चढवावे लागणार नाही. काठ्या चौघांच्या मिळून दोनच पिशव्यांत बसवाव्यात, अशी माझी सूचना होती, कारण चौदा काठ्यांची मुभा असली तरी मला पाचच मारता येतात. ती सूचना साहेबांनी फेटाळली. पहिली फेरी सेंट अँड्रूजच्या ईडन मैदानावर, अंगातील प्रवास उतरवण्यासाठी. त्यानंतर १८९५ साली झालेला आणि तरीही न्यू म्हणवला जाणारा न्यू कोर्स, एक दिवस एली, एक दिवस कार्नूस्टीचे बर्नसाइड. ओल्ड कोर्सच्या सोडतीत मात्र रोज नाव टाकायचे, आणि नाव निघेल त्या दिवशी बाकी सर्व बाजूला ठेवायचे. त्यासाठी दोन दिवस मुद्दाम मोकळे सोडले आहेत. न निघाले तर त्या दिवशी सेंट अँड्रूजच्याच नऊ होलच्या बालगोव्हवर खेळू. तेथे मुले आणि नवशिके खेळतात असे समजले, म्हणजे आम्ही शोभून दिसू.

पऱ्हाटी ताई, भाषांतराबाबत आपण दिलेला इशारा मी एक दिवस उशिरा वाचला. तालुक्याच्या ठिकाणी एकाकडे सातबारा देऊन बसलो होतो. आज कागद हाती आला. माझ्या गटातील पोटखराब्याच्या, म्हणजे लागवडीस अयोग्य अशा, तीस आर जमिनीचे भाषांतर त्याने 'स्टमक अपसेट लँड' असे केले आहे, आणि इतर अधिकाराच्या रकान्यातील विहिरीतील अर्ध्या हिश्शाचे 'हाफ वेल', म्हणजे अर्धवट बरा. व्हिसा अधिकाऱ्याला हा अर्जदार प्रवासास योग्य प्रकृतीचा वाटेल का, असा प्रश्न माझ्या मुलाने विचारला आहे. कागद परत केला असून अमरावतीला चांगला माणूस शोधत आहे. कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.

पऱ्हाटी

व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. ते गृहस्थ भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे पोटखराबा सुखरूप राहील. आणि हार आले तर घाबरू नका. जागेवर उभे राहा, एकमेकांना आवाज देत राहा.

निवृत्त सुभेदार

ताई, आवाजाची काळजी नको, हे तिघे धुक्याशिवायही एकमेकांना हाका मारतच खेळतात.

भाऊ, काल दाबलेला पट्टा आज दुपारपर्यंत वाळला आहे. मी चार चेंडू टाकून पाहिले. सात नंबरने मारलेला चेंडू पडल्यावर एकवीस पावले धावला आणि पाइपाच्या डावीकडून निघून गेला. उद्या सकाळी साडेसहाला तिघांनीही वावरात यावे. सात नंबरची काठी आणि पटर एवढेच आणायचे, बाकीची पिशवी घरी ठेवायची.